कालव्यातलं पुरुषपण

आमच्या कफ्र-तूत गावात मुलगा देव देतो, पण त्याचा पुरुष कालवा करतो, असं सगळे धरून चालले होते. आता हे सांगताना जीभ अडखळते. पण तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, शपथेवर सांगते. राजा देश सोडून गेला त्याला सात-आठ वर्षं झाली होती. नाईलचं पाणी कालव्याकालव्यानं आमच्या दारापर्यंत यायचं. त्याच पाण्यात आम्ही भांडी घासायचो, म्हशी धुवायचो, भाताची रोपं लावायचो, आणि पोरं दिवसभर डुंबायची. मग बारा-तेरा वर्षांचं पोर एक दिवस आडोशाला जाऊन यायचं आणि आईच्या कानाशी लागायचं. लघवीतून रक्त आलं! आई हसायची, पोराच्या हातावर लोणी आणि काकवी ठेवायची. बाप त्याला चहाच्या टपरीवर नेऊन मोठ्या माणसांच्या रांगेत बसवायचा. झाला पोराचा पुरुष.

मितवल्ली याच गावचा. तंबूर फिरवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. तंबूर म्हणजे लांबलचक लाकडी नळकांडं, आत फिरकी बसवलेली. त्याचं एक टोक कालव्यात बुडवायचं आणि मांड्यांइतक्या पाण्यात उभं राहून दांडी फिरवत राहायचं, की पाणी वळसे घेत वर शेतात चढतं. दुसरे गडी तासाभरात टेकायचे. मितवल्ली सकाळी पाण्यात उतरला की दुपारच्या बांगेपर्यंत बाहेर येत नसे. पायघोळ गलाबिया कमरेला खोचलेला, तोंडात गाणं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी काही ना काही थट्टा.

तो स्वतः पुरुष झाला ती गोष्ट तो रंगवून सांगायचा. त्याच साली सुया टोचणारे सरकारी लोक गावात आले होते. सुई घेतली की ओकाऱ्या होतात आणि रक्त थांबतं, म्हणजे पुरुषपण जातं, अशी आवई उठली. मितवल्लीच्या आईनं त्याला मक्याच्या शेतात लपवलं आणि सरकारी माणसांना बेधडक सांगितलं की पोर मामाकडे गेलंय. "माझ्या आईनं माझं पुरुषपण मक्यात राखलं," असं म्हणून तो मांडीवर थाप मारायचा आणि टपरी हसून हसून लोटपोट व्हायची.

त्याची बायको नबविया. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव शहाता ठेवलं, म्हणजे भीक मागून आणलेला. असलं नाव असलं की नजर लागत नाही म्हणतात. पाच वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला मुलीचे कपडे घातले. कालव्यात राहणारी जिन्नीण मुलं ओढून नेते, असं तिच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून पाण्याकडे तर फिरकूच दिलं नाही. पुढे शिंप्याकडे कामाला लावलं. पोरगा बोटांनी हुशार निघाला, काजं अशी करायचा की बायका शेजारच्या गावाहून कापड घेऊन यायच्या. पण पंधरावं सरलं तरी त्याला रक्त आलं नाही.

आणि इथंच मितवल्लीचं नाक कापलं गेलं.

टपरीवर बदवी म्हणून एक होता. म्हशींचा दलाल, तोंडाळ आणि पैसेवाला. त्याची मुलगी झहीरा शहाताच्याच वयाची. दोन्ही घरांत लहानपणापासून त्यांच्या लग्नाचं बोलणं होतं. तोच बदवी आता भर टपरीत विचारायचा, "काय मितवल्ली, तुझ्या लेकीसाठी स्थळं बघायला घेऊ का? माझ्या ओळखीत एक बिजवर आहे!"

"तोंड सांभाळ बदवी!"

"मी सांभाळतो रे. पण माझी झहीरा मी बाईच्या घरात कशी देऊ, सांग ना. दोघी मिळून काजं करत बसतील?"

सगळे हसले. मितवल्लीही हसला, त्याला हसावंच लागलं. घरी आला तो तणतणतच. शहाता दिव्यात तेल घालत होता. मितवल्लीनं त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि म्हणाला, "उद्यापासून शिंपीकाम बंद. माझ्याबरोबर पाण्यात उतरायचं."

नबविया मध्ये पडली. "अहो, त्याला नका नेऊ. कालवा चांगला नाही. माझ्या मनाला बरं वाटत नाही."

"तुझ्या मनानंच त्याची मुलगी करून ठेवलीय! गप्प बस."

पोरगा बिचारा गेला. भातलावणीचा हंगाम होता. सुरुवातीला पाय घसरायचे, बोटं सोलून निघायची, संध्याकाळी अंगाला अशी खाज सुटायची की नबविया त्याला व्हिनेगर चोळत बसायची. मितवल्ली मात्र खूश. बापलेक तंबूराच्या दांडीवर समोरासमोर उभे राहिलेले पाहून रस्त्यावरचे लोक हाक मारायचे, आणि मितवल्ली छाती काढून ओरडायचा, "बघा रे, माझा गडी बघा!" शहातानं मान वर करून हसायला शिकून घेतलं. बापाला आपण आवडतोय, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

त्याच उन्हाळ्यात मितवल्लीला त्रास सुरू झाला. रक्त त्याला आयुष्यभर जायचं, त्याची त्याला काही फिकीर नव्हती. आता गाठी पडू लागल्या. आडोशाला बसला की कपाळावर घाम फुटायचा आणि ओठ दातांखाली यायचा. दर घटकेला जावं लागायचं. तंबूर फिरवता फिरवता दांडी शहाताच्या हातात देऊन तो धावत सुटायचा. अंग झडलं, गालफडं बसली. गावच्या न्हाव्यानं मेथी दिली, जवाचं पाणी दिलं, कमरेवर डाग दिला. एकदा दिवसभर लघवीच उतरेना तेव्हा तो जमिनीवर गडाबडा लोळला. नबवियानं कुणाचं काही ऐकलं नाही, भावाकडून गाडी मागवली आणि नवऱ्याला शहरातल्या इस्पितळात नेऊन घातलं.

डॉक्टर लबीब सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी अडलेलं मोकळं केलं, मग नळी घालून आत पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून मितवल्लीच्या खाटेजवळ बसले.

"लघवीतून रक्त कधीपासून जातंय?"

मितवल्लीला हसू आलं. "पुरुष झाल्यापासून, डॉक्टरसाहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना येतं तसंच. तुम्हाला आलं असेल त्याच वयात."

"मला कधीच आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

मितवल्लीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिशा होत्या. आवाज जाड होता. मघाशी त्यांचा मोठा मुलगा डबा देऊन गेला होता, अगदी बापाच्या तोंडवळ्याचा.

"कधीच?"

"कधीच. कुठल्याच पुरुषाला यायला नको. तो आजार आहे, मितवल्ली. कालव्यात गोगलगायी असतात ना, त्यांच्यातून बारीक किडा निघतो. डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही पाण्यात उभे असता आणि तो कातडीतून आत शिरतो. मूत्राशयाजवळच्या शिरांत घर करतो, अंडी घालतो. ती अंडी मूत्राशय फोडून बाहेर पडतात, म्हणून रक्त. वर्षानुवर्षं आत जखम होत राहते आणि शेवटी तिथं गाठ धरते. तुम्हाला कर्करोग झालाय. मूत्राशय काढावं लागेल."

तो ऐकत राहिला. एवढं सगळं सांगितलं, पण त्याच्या डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं: कुठल्याच पुरुषाला यायला नको. मग तो लोणी-काकवीचा घास? टपरीवरची ती रांग? त्याची आई मक्यात त्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती, ती काय राखत होती?

आणि एकदम त्याला तंबूराच्या दांडीवरचा शहाता आठवला.

"डॉक्टर, पाण्यात नवं उतरलेल्या माणसाला किती दिवसांत होतं हे?"

"दोन-तीन महिन्यांत रक्त दिसतं. का? घरी कुणी आहे?"

मितवल्ली खाटेवरून उठायलाच लागला. डॉक्टर त्याचं मनगट धरून म्हणाले की नवीन असेल तर सुया देऊन किडा मरतो, घाबरू नका, फक्त उशीर करू नका. आणि त्याला पुन्हा पाण्यात जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला नबविया आली. काळी ओढणी, डोक्यावर टोपली, टोपलीत तुपात न्हालेली फतीर-पोळी आणि वर काकवीचं मडकं. मितवल्ली तिचीच वाट बघत होता. शहाताला पाण्यातून काढ, हे तिला कसं सांगायचं ते त्यानं सकाळपासून मनात दहादा घोळवलं होतं. पण बाई दारातूनच अशी हसत आली की त्याचं तोंड उघडायच्या आधीच ती त्याच्या कानाशी वाकली.

"शहाताचे बा, आलं! काल सकाळी शहाताला आलं!"

आणि तिला राहवलं नाही. लग्नघरात बायका करतात तसा तोंडापुढे हात धरून तिनं जीभ हलवत आनंदाची लांबलचक किलकारी मारली. साऱ्या खोलीत ती घुमली.

त्या खोलीत दोन्ही भिंतींना खाटा होत्या. सगळे पुरुष, सगळे कालव्याकाठचे, सगळ्यांचा तोच आजार. कुणाच्या उशाला नळी, कुणाच्या पोटाला पट्टी. किलकारी ऐकून आधी काही जण हसले, लेकीसुनेला मुलगा झाला असेल म्हणून. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाची खुशी, बाई?"

"माझा मुलगा पुरुष झाला, काका! रक्त आलं त्याला!"

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पलीकडचा एक जण हुंदका देऊन रडायला लागला. गडीमाणूस, चांगला दांडगा, आणि लहान मुलासारखा रडत होता. नबविया हात तोंडापुढे तसाच धरून उभी राहिली. तिला काहीच कळेना. "अहो, झालं काय या लोकांना? मी काय वाईट बोलले?"

मितवल्लीनं तिला ओढून खाटेवर बसवलं. "तो कुठंय आत्ता?"

"तंबूरावर. तुमच्या जागी. एकटा फिरवतो आता! आणि बदवी स्वतः घरी आला होता. म्हणाला, मितवल्ली बरा होऊन आला की फातिहा वाचून सोयरीक पक्की करू. अहो, तुम्ही हसत का नाही?"

त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, तसंच सांगितलं. किडा, अंडी, जखम, गाठ. नबविया ऐकता ऐकता पांढरीफटक पडली.

"म्हणजे... मी त्याला लांब ठेवलं होतं ते बरोबर होतं?"

"हो."

"आणि तुम्ही..."

"मी त्याला हाताला धरून नेलं."

ती ओरडली नाही. तिनं दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर फटाफट मारून घ्यायला सुरुवात केली, आणि नर्स येऊन हात धरेपर्यंत मारतच राहिली. काकवीचं मडकं कलंडलं होतं, ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी मितवल्लीला सगळं उघड सांगितलं. मूत्राशय जाणार. लघवीच्या वाटा आतड्याला जोडणार, म्हणजे यापुढे सगळं मागच्या वाटेनं. आणि नवरा म्हणून बायकोजवळ जाणं, तेही संपलं. मितवल्लीनं मान डोलावली. "कापा. मला फक्त घरी जायचंय. घरी एक काम राहिलंय."

तो गावात परतला तेव्हा काठी टेकत आला. इस्पितळातून परतल्या दिवशीच नबवियानं शहाताला पाण्यातून ओढून काढलं होतं. पण सुयांचं नाव काढलं की पोरगं उसळायचं. बापानं समोर बसवून समजावलं, तरी तेच.

"सुई घेतली की रक्त थांबेल."

"थांबायलाच पाहिजे, बाळा!"

"मग बदवीकाका झहीरा देईल? आत्ता कुठं मला रांगेत बसवतायत. पुन्हा सगळे मला बाई म्हणतील."

"म्हणू देत."

"तूच म्हणायचास, बा! त्यांच्याआधी तूच म्हणायचास!"

 पोराचं काय चुकलं होतं? जे शिकवलं तेच तो बोलत होता. आता नुसत्या सांगण्यानं हे निघणार नव्हतं. ज्यांच्यासमोर हे त्याच्या डोक्यात घातलं होतं त्यांच्यासमोरच ते काढायला हवं होतं.

फातिहा वाचायला बदवीच्या अंगणात सगळे पुरुष जमले. चटया घातल्या होत्या, गुलाबी सरबताचे पेले फिरत होते. शहाता नव्या गलाबियात, स्वतःच शिवलेल्या, मोठ्यांच्या रांगेत बसला होता. मितवल्ली काठी टेकत आला तसा बदवी ओरडला, "या व्याही, या! शहरात काय काय कापून घेतलंत ते सांगा तरी!"

अंगण खदखदलं.

"सांगतो," मितवल्ली म्हणाला. "त्यासाठीच आलोय. फातिहा थांबवा जरा."

आणि त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, मोठ्या आवाजात. की आपल्याला येतं ते रक्त म्हणजे पुरुषपण नाही, कालव्याचा किडा आहे. की जगातल्या दुसऱ्या कुठल्याच पुरुषाला ते येत नाही. की शहरातल्या त्या खोलीत सगळे आपलेच भाऊबंद पडलेत, आणि अजून खाटा कमी पडतात.

"अरे, घाबरला बिचारा," कुणीतरी म्हणालं. "शहरवाल्यांनी डोकं फिरवलं त्याचं."

"आजारपणात माणूस बडबडतोच," बदवी म्हणाला. "बस मितवल्ली, सरबत घे."

तेव्हा मितवल्लीनं काठी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी गलाबिया वर उचलला.

तौबा! बेंबीखालचं अंग आमच्यात पुरुष पुरुषालाही दाखवत नाही. सख्ख्या भावालाही नाही. आणि हा भर अंगणात उभा, बेंबीपासून खाली गेलेला लालभडक व्रण सगळ्यांना दाखवत. काहींनी डोळे मिटले, काही उठून उभे राहिले. दाराआड बायका होत्या, त्यांनी ओढण्या तोंडावर घेतल्या. तिथं मीही होते.

"बघा नीट!" त्याचा आवाज चिरकला. "हे आपलं पुरुषपण. मला आता पुढून लघवी होत नाही. बायकोच्या कामाचा मी राहिलो नाही. ज्याला म्हणायचं त्यानं मला बाई म्हणा, पहिला बदवीनं म्हणावं. पण माझा पोरगा उद्या सुया घ्यायला जाणार. मग सोयरीक राहिली तर राहिली, मोडली तर मोडली."

शहाता रांगेतून उठला आणि तोंड लपवून धावत सुटला. बदवीच्या हातातला पेला तसाच तिरका राहिला, सरबत त्याच्या मांडीवर सांडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. मग हळूच म्हणाला, "फातिहा नंतर वाचू." सगळे एकेक करून निघून गेले.

सकाळी मितवल्लीला वाटलं होतं, पोराला शोधत फिरावं लागेल. तर शहाता दारात गाढवाला खोगीर घालत होता. डोळे सुजलेले होते. बापाला त्यानं हात देऊन वर बसवलं आणि स्वतः पुढे चालत राहिला. रस्ता कालव्याच्या काठानं जातो. पोरं पाण्यात उड्या मारत होती, बायका भांडी घासत होत्या. तंबूर काठावर कोरडा पडला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

सुयांच्या दवाखान्यासमोर रांग होती. रांगेच्या शेवटी, शालीच्या टोकानं अर्धं तोंड झाकून, बदवी उभा होता. बरोबर त्याचे दोन्ही मुलगे. मितवल्लीला पाहून त्यानं नजर खाली वळवली. 

शहाताची पाळी आली. टेबलामागच्या नर्सनं वर न बघता नाव विचारलं, गाव विचारलं.

"रक्त कधीपासून जातंय?"

 या प्रश्नाला आमच्या गावात एकच उत्तर होतं. मितवल्लीच्या बापानं दिलं असतं ते, मितवल्लीनं स्वतः हसत हसत दिलं होतं ते.

शहातानं बापाकडे पाहिलं नाही. तो नर्सला म्हणाला, "बानं मला कालव्यात उतरवलं तेव्हापासून."

नर्सनं तसंच लिहून घेतलं आणि त्याला बाही वर करायला सांगितली.